पाणी भरलेली पिस्तुलं

'व्हिस्की इन द जार' हे जुनं आयरिश लोकगीत. अमेरिकन मेटल बँड मेटॅलिकाने केलेलं रूप म्हणजे आयरिश रॉक बँड थिन लिझीची नक्कल, असं कुणीतरी म्हटलंय. अर्धं मान्य. १९९८च्या 'गॅरेज इन्क.' अल्बममध्ये मेटॅलिकाने शब्द आणि ती सुरुवातीची गिटारची धून सरळ लिझीच्या १९७२च्या रेकॉर्डवरून उचललीय. पण ती निव्वळ नक्कल नाही. लिझीच्या एरिक बेलची गिटार रडवेली, लांबवर वाजल्यासारखी. मेटॅलिकाचा गायक-गिटारिस्ट हेटफिल्ड, त्याच्याकडे तीच धून बुलडोझर होऊन येते. ग्रॅमी मिळालं, तरी मला हा बुलडोझर दोनदा ऐकला की पुरे होतो.

गंमत कथेत आहे. आयरिश लोकगीतवाले डब्लिनर्स जुन्या वळणाने गातात त्यात दरोडेखोराची प्रेयसी जेनी त्याच्या पिस्तुलांत पाणी भरून ठेवते, म्हणून बिचारा आयता पकडला जातो. लिझीकडे ती मॉली होते, पाणी गायब, आणि गडी स्वतःच लुटलेल्या कॅप्टन फॅरेलवर दोन्ही बार उडवतो! म्हणजे फजितीचं गाणं सूडाचं झालं. लिझीचा गायक फिल लायनट मात्र ते इतक्या थकल्या, पडेल आवाजात म्हणतो की गोळ्या झाडूनही हरलेला तोच वाटतो. हेटफिल्डचा दरोडेखोर तुरुंगातसुद्धा मजेत दिसतो.

डब्लिनर्सचं ऐकलं नसेल तर आधी ते ऐका, बॅन्जोसकट.