'फोर्स्ड लँडिंग'ला मराठीत काय म्हणाल?

सानिका_प: डोंगराळ भागात लहान विमानं चालवणाऱ्यांसाठीच्या पुस्तिकेचा अनुवाद करतेय. 'फोर्स्ड' आणि 'प्रिकॉशनरी' लँडिंगपाशी अडलेय. पहिल्यात इंजिन बंद पडलेलं असतं किंवा तसंच काही, उडत राहणं शक्यच नसतं. दुसऱ्यात विमान चालू असतं, पण ढग खाली येतायत, इंधन घटतंय, म्हणून वैमानिक आपणहून जागा हेरून उतरतो. वर्तमानपत्रं दोन्हींना 'आपत्कालीन लँडिंग' म्हणतात. पुस्तिकेत ते चालणार नाही.

विनायक: सक्तीचे अवतरण आणि सावध अवतरण.

माळरान: अवतरण म्हटलं की अवतरणचिन्ह डोळ्यांपुढे येतं. आमची आजी धावपट्टी सोडून कुठंही उतरलेल्या विमानाला 'इमान पडलं'च म्हणायची, माणसं धडधाकट चालत बाहेर आली तरी! मी 'नाइलाजाचं उतरणं' म्हणेन.

विनायक: 'नाइलाज' परका शब्द. 'निरुपाय' असताना तो कशाला?

माळरान: मग तुमची 'सक्ती'ही फारसीच की. शिवाय सक्ती कुणीतरी करावी लागते. नाइलाज आपोआप होतो.

उंचभरारी: मी लहान विमानं उडवली आहेत. शब्द कुठलाही घ्या, सीमारेषा धूसरच राहते. १९३० साली टपाल घेऊन अँडीज ओलांडणारा आँरी गियोमे वादळात सापडला आणि लागुना देल दियामांते या सरोवरापाशी खाली आला. इंजिन शाबूत होतं, पण डोंगरांवरून निघता येईना. इंधन संपत येईपर्यंत घिरट्या घातल्या आणि मग टेकला. विमान उलटलं. कित्येक दिवस बर्फातून चालून तो वाचला. हे सावध की नाइलाजाचं?

उंचीवर साध्या इंजिनाची ताकद दर हजार फुटांना सुमारे ३ टक्के घटते, आणि खरा वेग वाढल्यामुळे वळायला जागाही जास्त लागते. म्हणून डोंगराच्या धारेवर समोरून जायचं नाही, ४५ अंशांत तिरकं जायचं. पलीकडची हवा खाली दाबायला लागली तर थोडंसं वळून निसटता येतं. हे वेळेत केलं नाही, तर सावध उतरण्याची संधी हातची जाते.

मुक्ता: रेडिओवरही संकटाच्या दोन हाका आहेतच. 'मेडे' फ्रेंच 'मला मदत करा'वरून, 'पॅन-पॅन' बिघाडाच्या फ्रेंच शब्दावरून.

उंचभरारी: तो फरक धोक्याच्या तीव्रतेचा आहे. इथं प्रश्न निवड उरली की नाही याचा आहे.

सानिका_प: पटलं. आता पुढचं: आत शिरल्यावर तिन्ही बाजूंनी डोंगर चढत जातो आणि वळायलाही जागा उरत नाही, त्या दरीला काय म्हणू? 'नाळ'?

घाटवाट: मुळीच नको! नाळेतून वाट घाटमाथ्यावर निघते. आम्ही तिच्यातूनच चढतो.

विनायक: घळ.

घाटवाट: शिवथरची घळ पाहिलीत का? ती गुहेसारखी आहे.

माळरान: 'कोंड' चालेल. कोंडणे त्यातच आलं.

मुक्ता: कोकणात कोंड म्हणजे डोह, नाहीतर वाडी.

घाटवाट: वाडी कशी? गावं सांगा, मग बोलू.