शनिवारची युक्लूलेट ट्रिप: पायऱ्यांचं काय करायचं? (आणि थर्मास कुणाकडे आहे?)

मेधा, गुरुवार सकाळ

मंडळी, घाईत लिहितेय, दहाला मीटिंग आहे.

व्हँकूवर आयलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या युक्लूलेटला जायला दोन्ही व्हॅनचं फेरीबोटीचं बुकिंग झालं. दोन्ही व्हँकूवरजवळच्या हॉर्सशू बेहून बेटावरच्या नानाइमोलाच. गेल्या वेळी एक गाडी दुसऱ्या मार्गाने, त्सवासनहून ड्यूक पॉइंटला गेली आणि पोहे एका गाडीत, चटणी-डिशेस दुसऱ्या गाडीत असं झालं, म्हणून या वेळी सगळं माझ्याच खात्यावरून केलंय. थँक्सगिव्हिंगचा लाँग वीकेंड आहे, आता बदल होणार नाहीत.

अडचण अशी की काल यादी नीट पाहिली. सोळा जणांत सहा जण भारतातून आलेले आई-बाबा आहेत. आणि आपण ठरवलेला रेनफॉरेस्ट ट्रेल म्हणजे सगळ्या लाकडी पायऱ्या. आमच्या सासूबाईंचा उजवा गुडघा मार्चमध्ये बदललाय. काय करायचं? रात्रीपर्यंत सांगा.

आणि मंडळाचा मोठा थर्मास कुणाकडे आहे? गणपतीनंतर कुणीच पाहिलेला नाही.

मेधा

---

श्रीकांत

मेधा, ट्रेल मी जुलैत सुचवला, तेव्हा कुणीही काही बोललं नाही. आता दोन दिवस आधी पायऱ्या आठवल्या.

तिथे हायवेच्या दोन बाजूंना दोन फेऱ्या आहेत, अ आणि ब. प्रत्येकी साधारण एक किलोमीटर. दोन्ही करा असं मी कधीच म्हटलं नव्हतं. एकच करायची, सावकाश. पायऱ्या आहेत, पण जंगल खरं बघायचं तर तिथेच. रेड सीडर, हेमलॉक, वर मान करून बघावं तर टोपी पडते. नुसत्या समुद्रासाठी एवढं लांब कशाला जायचं, समुद्र व्हँकूवरलाही आहे.

ट्रेल नॅशनल पार्कात आहे, पार्कचा पास लागेल. माझ्याकडे वर्षाचा आहे, पण तो माझ्याच गाडीपुरता. दुसऱ्या व्हॅनने आपला काढावा. आणि निघण्याआधी पार्कच्या साइटवर बघून घ्या, दुरुस्तीसाठी अ किंवा ब बंद असू शकते.

श्रीकांत

---

सुनीता

श्रीकांतदादा, सावकाश गेल्याने प्रश्न सुटत नाही. गुडघ्याचा त्रास चढताना कमी आणि उतरताना जास्त, हे ज्याला गुडघे आहेत त्याला विचारा. गेल्या वर्षी बाबांना घेऊन गेले होते. आत शिरताना खालीच उतरायचं असल्याने सगळे हसत गेलो. परत येताना बाबा दर दहा पायऱ्यांवर थांबून मला झाडांची नावं विचारत होते, म्हणजे दम लागलाय हे कळू द्यायचं नव्हतं. मला तीनच नावं येत होती. तीच फिरवून फिरवून सांगितली.

पण खरं सांगू, ते जंगल आईला इतकं आवडलं की अजून फोनवर विषय निघतो. एक सीडर आडवा पडलेला होता, आणि त्याच्या पाठीवर हेमलॉकची पोरं पंगतीला बसल्यासारखी एका रांगेत उगवलेली. खालची माती दाट झाकलेली, म्हणून बी पडलेल्या झाडावरच रुजतं. आई म्हणाली, मेल्यावरही पोरांना मांडीवर घेऊन बसलीय. आणि बनाना स्लग, म्हणजे शंख नसलेली गोगलगाय! फळीवर पिवळट, काळे ठिपके, वीतभर लांब. आईला वाटलं कुणीतरी केळ्याचं साल टाकलंय. उचलायला वाकली आणि सालाने शिंगं बाहेर काढली.

थर्मास माझ्याकडे नाही.

---

अविनाश

सगळ्यांना नमस्कार. वाइल्ड पॅसिफिक ट्रेलचा लाइटहाउस लूप का नाही? 2.6 किमी, खडीची वाट. चढउतार आहेत, पण ते जिन्यासारखे नाहीत, आणि बाकडी भरपूर. दर वळणावर बसता येतं. हा ट्रेल गावाकडे आहे, नॅशनल पार्कात नाही, म्हणजे पासची कटकट नाही. जंगलही आहेच, फक्त समुद्रावरच्या वाऱ्याने वाकलेलं. सिट्का स्प्रूस इतके एका बाजूला कललेत की कुणीतरी कंगवा फिरवल्यासारखे.

मध्ये अ‍ॅम्फिट्राइट पॉइंटचं दीपगृह. 1905 च्या डिसेंबरात पास ऑफ मेलफर्ट नावाचं जहाज इथल्या खडकांवर फुटलं, कुणीही वाचलं नाही. मग 1906 ला दीपगृह बांधलं, लाकडी. ते लाटांनी नेलं. आताचं 1915 चं, काँक्रीटचं, बुटकं आणि जाडजूड. लाटा खाऊन उभं राहायचं म्हणजे तब्येत तशीच लागते.

एकच गोष्ट सगळ्या ज्येष्ठांना आणि त्याहून जास्त मुलांना सांगा: काळ्या ओल्या खडकांवर उतरायचं नाही. खडक काळा आहे म्हणजे लाट तिथवर येते. फोटोसाठीसुद्धा नाही. छत्रीही नको, टोकावर वारा उलटी करतो.

अविनाश

---

नंदूकाका

चि. अविनाश यांस, छत्रीबद्दल मतभेद आहे. मी सावंतवाडीचा. आंबोलीत वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तिथे माणसं छत्री घेऊनच घाट चढतात. युक्लूलेटला तेहेतीसशे. अर्ध्याहून कमी. मी 1991 पासून या देशात आहे, '93 मध्ये तिथल्याच क्लेक्वाट भागातली झाडं तोडू नयेत म्हणून रस्त्यावर बसलेल्या आठशेहून जास्त लोकांना अटक झाली तेव्हा मी तिकडे नोकरीला होतो, आणि तेव्हाही माझ्याजवळ छत्री होती.

नंदूकाका

---

अविनाश

काका, आंबोलीचा पाऊस चार महिन्यांत सरळ खाली पडतो. इथला ऑक्टोबर ते मार्च आडवा येतो. आणि पावसाचीच चढाओढ करायची तर तिथून जवळच हेंडरसन लेक आहे, 1997 मध्ये तिथे वर्षाचा पाऊस नऊ हजार मिलिमीटरच्या वर गेला होता. कॅनडाचा विक्रम. छत्री आणा, पण टोकावर मिटवा.

---

श्रीकांत

विषय छत्रीचा नव्हता. जुलैत ठरलेला ट्रेल बदलतोय की नाही, एवढंच सांगा. मी वाटेतल्या पोर्ट अल्बर्नीत दुपारच्या जेवणाला टेबल सांगून ठेवलंय.

---

वैशाली

टेबल कशाला, मी पराठे करतेय ना? तसं मेधाला सांगितलंय.

बाकी सूचना. पोर्ट अल्बर्नीच्या पुढे बराच वेळ फोनला रेंज नाही, तेव्हा दोन्ही व्हॅनच्या ड्रायव्हरनी कुठे भेटायचं ते आधीच ठरवा. शेवटचा रस्ता वळणावळणाचा आहे. माझ्याकडे आलेपाक आहे, मागे बसणाऱ्यांनी आधीच मागून घ्या, नंतर उपयोग नाही. भडंग, चकल्या काहीही ट्रेलवर उघडी ठेवू नका, तिथे काळी अस्वलं आहेत. शेंगदाण्याची चटणी गाडीत, बंद.

ज्यांना रेनफॉरेस्ट बघायचंच आहे पण पायऱ्या नकोत, त्यांनी वाटेत कॅथेड्रल ग्रोव्हला उतरा. वाट बहुतेक सपाट आणि छोटी, काही डग्लस फर आठशे वर्षांचे. मात्र पार्किंग हायवेलगतच आहे, रस्ता ओलांडताना म्हाताऱ्यांचा हात धरा, गाड्या सुसाट असतात. खूप वारा असेल तर आत जाऊ नका, फांद्या पडतात.

थर्मास आमच्या गॅरेजमध्ये निघाला. झाकणाची रबर रिंग मात्र नाही.

वैशाली

---

मेधा, गुरुवार रात्र

ठरवलंय. पुढे चर्चा नको, मला उद्या ऑफिसही आहे.

शनिवार: फेरीबोट एक तास चाळीस मिनिटं, पुढे तीन तास धरा. जेवण वैशालीचे पराठे (श्रीकांतदादा, टेबल रद्द करा, प्लीज). कॅथेड्रल ग्रोव्हला वीस मिनिटं, वारा नसेल तर. संध्याकाळी सगळे लाइटहाउस लूपवर. सासूबाई पहिल्या बाकड्यावर बसणार आहेत आणि तिथून हलणार नाहीत, तसं त्यांनीच जाहीर केलंय.

रविवार सकाळी रेनफॉरेस्ट ट्रेल, फक्त अ फेरी, ज्यांना जायचंय त्यांनी. श्रीकांतदादा पुढे. ओल्या फळ्या निसरड्या असतात, खाली रबराची पकड असलेले बूट घाला. गेल्या वेळच्या कोल्हापुरी चपला पुरेत.

ज्याला छत्री आणायची आहे त्याने आणावी.

मेधा

---

सुनीता

अ कशाला, ब ठेव ना. आम्ही गेलो होतो ती ब होती. तो पडलेला सीडर तिकडे आहे.

---

श्रीकांत

पडलेले सीडर दोन्हीकडे आहेत.

---

नंदूकाका

वैशाली, थर्मासला पाच लिटरच्या कुकरची रिंग बसते. '08 च्या दिवाळीत मीच बसवली होती. शनिवारी घेऊन येतो, आमच्याकडे दोन जास्तीच्या आहेत.