विषय : भाच्याचं पोलीस क्लिअरन्स

नमस्कार मंडळी,
माझा भाचा बेळगावजवळच्या खानापूरचा, बीएस्सी नर्सिंग झालेला. त्याला इकडे ब्रिटनमध्ये एनएचएसच्या (सरकारी आरोग्यसेवेच्या) एका हॉस्पिटलातून ऑफर आलीय. घोळ असा, की कॉलेजात असताना १ नोव्हेंबरला काळ्या दिनाच्या (मराठी सीमाभाग कर्नाटकात गेल्याच्या निषेधाच्या) सायकल फेरीत गेला आणि बेकायदा जमावाच्या गुन्ह्यात बाकीच्यांबरोबर याचंही नाव आलं. अजून तारखा पडतायत. ताई म्हणते, फॉर्मवर लिहूच नको, तिथं लंडनात कोण बघतंय! काय करावं?
– सुजाता

सुजाता,
लपवायचं नावच काढू नका. इथल्या डीबीएसला (नोकरीआधी गुन्ह्यांची नोंद तपासणाऱ्या खात्याला) आपल्याकडचं काही दिसत नाही, म्हणून तर व्हिसाला पीसीसी, म्हणजे पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट मागतात. अर्ज पासपोर्टच्या पोर्टलवर, फी ५०० रुपये. पण चौकशी येणार त्याच्या पत्त्याच्या ठाण्यातच. व्हिसा फॉर्मवर चालू खटल्याचंही विचारतात. खोटं सापडलं तर १० वर्षं इकडे फिरकायला नको. खरं लिहिलं तर निदान बोलायला जागा राहते. शिक्षा होणं वेगळं आणि खटला चालू असणं वेगळं, हे इथल्या एचआरला समजतं. पोरानं कुणाचं डोकं फोडलेलं नाही, सायकल चालवलीय!
वकिलाला दोन गोष्टी विचारा : परदेशी जायला कोर्टाची परवानगी, आणि हायकोर्टाच्या धारवाड खंडपीठात गुन्हा रद्द करायचा अर्ज. दुसऱ्याला वेळ लागतो, तेव्हा ऑफरची तारीख आधी पुढं ढकलून घ्या.
– अरुणकाका

काका, एक जोडतो. पासपोर्टवर बेल्गाम आणि आधारवर बेळगावी असेल तर ते आधीच बघून ठेवा. २०१४ ला नाव बदललं, पण आमच्या घरातल्या कागदांवर अजून दोन्ही नांदतायत. माझ्या वेळी पोलीसमामांनी त्यावरूनच अर्धा तास घेतला, चहा झाला तो वेगळाच. आणि भाचा मधे गल्फला होता का ओ? गेल्या १० वर्षांत जिथं १२ महिने काढले, तिथलंही सर्टिफिकेट लागतं.
– निपाणीकर

गल्फ नाही, सुटलो! ताईला समजावलं, रडली थोडी, पण ऐकलं. आज वकिलाकडं जाऊन आले दोघं. आता नवीनच : चार्जशीट सगळी कन्नडात, इंग्रजी भाषांतर करून जोडायला लागणार. मराठीच्या फेरीची केस, त्यामुळं भाचा हसूलाय. लिस्टवर कन्नडचं सर्टिफाइड भाषांतर करणारं कोणी आहे का?
– सुजाता