धुळ्यात राहणं स्वस्त आहे? मग हिवाळ्याचा हिशेब मांडा

चौथी गल्ली:
दोन वर्षांपूर्वी पुण्यातली नोकरी सोडून आम्ही धुळ्याला परत आलो. तेव्हापासून भेटेल तो म्हणतो, "तुमचं बरंय, धुळ्यात काय खर्च असतो?" भाडं कमी आहे, हे खरं. तिकडे 24 हजार मोजत होतो, इथे 8 हजारांत ऐसपैस तीन खोल्या आणि वर गच्ची. दूध, भाजी, दवाखाना, सगळं पायी जाण्याच्या अंतरावर. पण डिसेंबर-जानेवारीतल्या खर्चाबद्दल कोणी बोलत नाही.

पहाटे पारा 6-7 अंशांपर्यंत उतरतो. नळाला रोज पाणी येत नाही, म्हणून आलं की गच्चीवरच्या टाकीत भरून ठेवायचं. दोन-तीन रात्री उघड्यावर राहिलेलं ते पाणी सकाळी 15 अंशांच्या आसपास असतं. 20 लिटरची बादली तिथून 42 अंशांपर्यंत न्यायला साधारण 0.7 युनिट वीज जाते. घरात आम्ही पाच माणसं. रोज साडेतीन युनिट, महिन्याला 105. एरवी आमचं बिल 100 युनिटच्या आत बसतं. त्यापुढच्या युनिटचा दर जवळपास दुप्पट. म्हणजे अंघोळीचं सगळं पाणी महागाच्या टप्प्यात जातं.

पाण्याची ओरड फक्त एप्रिल-मे महिन्यात होते. जमिनीखालच्या नळातून येणारं पाणी इतकं गार नसतं. ते रोज आलं, तर टाकीत साठवावं लागणार नाही. शहरात जी सोय नाही तिचे पैसे घरोघरी भरले जातात, असं माझं ठाम मत आहे.

देवपूरवाला:
भाऊ, आकडे बरोबर आहेत, पण त्यावरून धुळं महाग ठरत नाही.

आपली थंडी कोरडी. आभाळ निरभ्र, त्यामुळे रात्री जमीन भराभर निवते. पण तेच निरभ्र आभाळ दुपारी 28 अंशांचं ऊन देतं. गच्चीवर सौर बंब बसवा. माझ्याकडे 100 लिटरचा आहे, आठवं वर्ष चालू आहे. अख्ख्या हिवाळ्यात वीज लावून पाणी तापवावं लागलं असे दिवस बोटांवर मोजण्याइतके.

दुसरं, आमच्या गल्लीत बोअर आहे. जमिनीच्या पोटातलं पाणी बारा महिने सारखंच, 25-26 अंश. पहाटे मोटर लावली की पाण्यावर वाफ दिसते. ते टाकीत चढवायचं नाही, थेट बादलीत घ्यायचं. माझे वडील तसंच अंघोळ करतात, वय 78.

आणि हिवाळ्यात भाजीचा खर्च किती उतरतो तेही मांडा ना! मेथी, मुळा, हरभऱ्याची भाजी, हिरवी लांबट वांगी. परवा आम्ही चार घरांनी मिळून पऱ्हाट्यांवर, म्हणजे कपाशीच्या वाळलेल्या काड्यांवर, वांगी भाजली, भरीत केलं, सोबत कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाच्या, भाकरी. माणशी 100 रुपयेही आले नाहीत. पुण्यात तेवढ्यात काय मिळतं, तुम्हीच सांगा.

रावेरची लेक:
दादा, सौर बंब घरमालकासाठी. भाडेकरूंनी काय करायचं? आमचे मालक गच्चीवर खिळासुद्धा ठोकू देत नाहीत, आणि आमच्या भागात बोअरही नाही.

मग राहतो गॅस. शेगडीवर पाच बादल्या तापवायच्या तर रोज 400 ग्रॅमच्या आसपास गॅस जातो. 14.2 किलोचा एक सिलिंडर साधारण 35 दिवसांत नुसता अंघोळीलाच संपतो. बरेच जण म्हणून गॅस गिझर लावतात. मी नर्स आहे, त्यामुळे इथे कळकळीने सांगते: थंडी वाजते म्हणून न्हाणीघराची खिडकी बंद करून गॅस गिझर चालवू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणूस आत कधी कोसळला ते बाहेर कळत नाही. गिझर न्हाणीघराच्या बाहेर बसवा.

आणखी एक खर्च. माझी ड्युटी सकाळी 7 ला. सव्वासहाला घराबाहेर पडते तेव्हा रस्त्यावर शेअर रिक्षा नसते. स्पेशल करावी लागते, 80 रुपये. उन्हाळ्यात त्याच वेळेला 15 रुपयांत जाते. सकाळी लवकर शहर बस असती तर माझ्यासारख्या कितीतरी बायकांचे पैसे वाचले असते. पहाटेच्या अंधारात एकटं उभं राहणंही टळलं असतं.

साक्रीचा शेतकरी:
स्वस्त भाजीचं वाचलं म्हणून लिहितो. थंडी गह्यरी पडनी, म्हणजे खूप पडली, ती गव्हाला आणि हरभऱ्याला मानवते, आम्हाला ती हवीच. पण आठवडा आठवडा पंपाची वीज रात्री असते. मग दोन वाजता बॅटरी घेऊन बांधावर. आंगवर घोंगडी, पायखाल गारा, म्हणजे चिखल. साप-विंचवाची भीती वेगळी. रावेर-यावलकडे पारा 10 च्या खाली गेला की केळीची वाढ थांबते, तिथले शेतकरी रात्री पाणी देतात आणि बांधावर धूर करतात.

तुमच्या भाजीच्या भावात आमची ती रात्र कोणी धरत नाही. शेजारच्या गावाच्या फीडरला, म्हणजे वीजवाहिनीला, सौर प्रकल्पाची दिवसाची वीज मिळाली. तिथली माणसं या हिवाळ्यात घरी झोपतात. तीच सोय आम्हाला हवी आहे.

देवपूरवाला:
ताई, गिझरचं माझ्या ध्यानात नव्हतं. आमच्या खालच्या भाडेकरूंचा आत आहे, आजच बाहेर काढायला सांगतो. साक्रीच्या भाऊंचंही मान्य.

पण गैरसोय आणि महागाई एक करू नका. 15 मिनिटांत शहराच्या या टोकाहून त्या टोकाला जाता येतं, आजारपणात शेजारी धावून येतात, हा हिशेबही मांडा. पोरं बाहेर जातात ती पाण्याच्या बादलीमुळे नाही, नोकरीमुळे.

चौथी गल्ली:
नोकरीचं खरं आहे, मीसुद्धा घरून काम करता येतं म्हणूनच परत आलो. पण तुम्ही बोअरचं लिहिलंत म्हणून काल मागच्या घरून दोन बादल्या आणल्या. थर्मामीटर लावला तर 26 अंश. तिथून 42 ला न्यायला 0.4 युनिट पुरतं. पाच जणांचे महिन्याला 60 युनिट होतात. टाकीच्या पाण्याला 105. थंडी तीच, माणसं तीच, 45 युनिटचा फरक. बोअर पाडायला ज्यांच्याकडे पैसे आणि जागा आहे त्यांचे ते वाचतात, बाकीचे भरतात. माझं म्हणणं त्यामुळे पक्कंच झालं.

सौर बंबाचं मात्र मालकांशी बोललो. बंब मी आणायचा, निम्मी रक्कम भाड्यातून वळती, असं ठरलं.

रावेरची लेक:
भाऊ, करारात हे कसं लिहिलंत तेवढा मजकूर इथे टाकाल का? आमच्या मालकांना दाखवते.