इंदूरची नोकरी सोडून पूर्णवेळ नट व्हावे का?

रामबागकर यांचा प्रश्न

मी इंदूरचा, वय 27. दिवसा एका खासगी कंपनीच्या लेखा विभागात नोकरी करतो आणि गेली 7 वर्षे संध्याकाळी येथील एका हौशी मराठी संस्थेत नाटके करतो. मोबाइलवर चित्रित करून पाठवलेली माझी ऑडिशन मुंबईच्या एका हिंदी मालिकेसाठी पसंत पडली असून, नायकाच्या धाकट्या काकांच्या भूमिकेसाठी महिन्याला 10 ते 12 दिवस काम मिळेल, असे मला फोनवर सांगण्यात आले आहे. लेखी अद्याप काहीही नाही. नोकरी सोडण्यापूर्वी दोन गोष्टी जाणून घ्यायच्या आहेत. अभिनयावर पोट असलेल्या माणसाचा महिना प्रत्यक्षात कसा जातो? आणि रंगमंचावर कमावलेले कॅमेऱ्यासमोर कितपत कामी येते? हे विचारण्याचे कारण असे की, ऑडिशनच्या वेळी मला तीनदा ‘थोडे कमी करा’ असे सांगितले गेले, आणि नेमके काय कमी करायचे हे मला अजून उमगलेले नाही.

अवंतिकेचा प्रवासी

मीही मूळचा इंदूरचाच. मुंबईत येऊन 14 वर्षे झाली. महिन्याचे आधी सांगतो. मालिकेची शिफ्ट साधारण 12 तासांची असते. सकाळी 7 चा कॉल, म्हणजे सेटवर हजर होण्याची वेळ असली, तरी रंगभूषा आणि कपडे होऊन पहिला शॉट लागेपर्यंत 10 वाजतात, आणि तुमचा प्रवेश जेवणानंतर असेल तर तोपर्यंत अंगावरचे कपडे चुरगळू न देता बसून राहावे लागते. संवाद पुष्कळदा त्याच सकाळी हाती पडतात. मालिकेचे पैसे चित्रीकरणानंतर सहसा 90 दिवसांनी येतात, तेही 10 टक्के टीडीएस, म्हणजे प्राप्तिकर आधीच कापून. म्हणजे पहिले तीन महिने काम करूनही घरभाडे आणि जेवण गाठीच्या पैशांतून भागवायचे असते. शिवाय कथेने वळण घेतले की काकांचा ट्रॅक, म्हणजे त्या पात्राचे उपकथानक संपते. माझा असा एक ट्रॅक 23 दिवसांत संपला होता आणि त्यातल्या 9 दिवसांचे मानधन मला आजतागायत मिळालेले नाही.

नाटकाचा हिशेब निराळा आहे. तेथे प्रयोगागणिक ‘नाइट’, म्हणजे त्या प्रयोगाचे मानधन मिळते, परंतु महिनाभराच्या तालमींचे वेगळे पैसे बहुतेक ठिकाणी मिळत नाहीत. या दोन्हींमधले दिवस वर्सोव्याच्या आरामनगरात ऑडिशन देण्यात जातात. नाव, उंची, मग डावी-उजवी बाजू दाखवायची आणि दोन मिनिटांचा प्रवेश करायचा. त्या दिवसांना मी रिकामे दिवस मानत नाही. आवाज, पाठांतर आणि शरीर त्याच दिवसांत राखावे लागते.

आता ‘कमी करा’ याविषयी. भावना कमी करायची नसते, अंतर कमी करायचे असते. इतकी वर्षे आपण शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकासाठी श्वास घेतला. येथे ऐकणारा तीन फुटांवर आहे आणि माइक छातीवर लावलेला आहे. समोरच्या माणसाला ऐकू जाईल तेवढेच बोला, मात्र श्वास रंगमंचावर घेत होतात तेवढाच खोल घ्या.

रंगमंचाचे शिक्षण कोठे उपयोगी पडते, हे मला एका चहाच्या कपाने शिकवले. मास्टर शॉटमध्ये, म्हणजे संपूर्ण प्रवेश एकत्र टिपणाऱ्या शॉटमध्ये मी ‘पण दादा’ यातल्या ‘पण’वर कप उचलला होता. चार तासांनी त्याच प्रवेशाचा माझा क्लोज, म्हणजे जवळून घेतलेला शॉट लागला, तेव्हा मी तो ‘दादा’वर उचलला. दोन्ही शॉट जुळेनात, आणि सहा वेळा तो प्रवेश पुन्हा करावा लागला. खरे तर कोणत्या शब्दावर कोणती हालचाल हे तालमीत बांधून घेण्याची सवय आपल्याला असतेच. कॅमेऱ्यासमोर सगळे उत्स्फूर्त हवे, अशा समजुतीने मी ती सोडून दिली होती. तेव्हापासून हातातल्या प्रत्येक वस्तूची खूण मी कागदाच्या समासात करतो.

तालीम संध्याकाळची

तुझ्या आईच्या वयाची आहे, म्हणून एकेरीत लिहिते. इंदूरच्या हौशी रंगभूमीवर माझी 31 वर्षे गेली आणि माझे सांगणे भाषेविषयी आहे. घरात मराठी आणि दाराबाहेर हिंदी, अशा वाढीमुळे तुझ्या हिंदीवर मराठी हेल नसणार, आणि हिंदी मालिकेत ही मोठी जमेची बाजू आहे. मात्र पुढे व्यावसायिक मराठी नाटकात उभे राहायचे असेल, तर आपल्याकडच्या मुलांचा ‘च’ आणि ‘ज’ तपासून घ्यावा लागतो. ‘चार’मधला ‘च’ आणि ‘चाक’मधला ‘च’ एक नाही, ‘जीव’ आणि ‘जावई’ यांतला ‘ज’ही एक नाही, हिंदीच्या सवयीने ते एकसारखे होतात आणि मुंबई-पुण्याच्या कानाला लगेच खटकतात. रोज अर्धा तास मोठ्याने मराठी वाच.

सानंद न्यास या इंदूरच्या मराठी सांस्कृतिक संस्थेच्या निमित्ताने मुंबईचे नाटक आपल्याकडे येते, तेव्हा शनिवार-रविवार मिळून त्याचे पाच प्रयोग होतात. रविवारी सकाळचा प्रयोग संपल्यावर एखादा नट दुपारपर्यंत मौन पाळून का बसतो, हे जवळून पाहा. आवाज कसा वाचवायचा असतो, ते तेथे कळेल.

आणि घाई कसली? डॉ. श्रीराम लागू शल्यचिकित्सक होते. 1969 साली पूर्णवेळ रंगभूमीवर आले, तेव्हा त्यांनी चाळिशी ओलांडली होती. आपल्या इंदूरचे गीतकार-गायक स्वानंद किरकिरे आधी राष्ट्रीय नाट्य विद्यालयात शिकले. वाटा एकाहून अधिक आहेत. राजीनामा देऊ नकोस, बिनपगारी रजा माग.

हिशेबनीस

मी निर्मितीच्या बाजूला काम करतो, म्हणून थोडक्यात लिहितो. प्रतिदिन दर, महिन्याला किमान किती दिवस, शिफ्टचे तास, पैसे किती दिवसांनी, राहण्याचा खर्च कोणाचा आणि भूमिका संपवायची असल्यास पूर्वसूचना किती, हे सर्व ईमेलवर मागवा. ‘किमान’ हा शब्द त्यात असलाच पाहिजे. ऑडिशन, नोंदणी किंवा समन्वय अशा कोणत्याही नावाखाली कोणी पैसे मागितले, तर तो व्यवहार तेथेच थांबवा. 

रामबागकर

आपणा सर्वांचा मनापासून आभारी आहे. ईमेल मागवली, ती काल आली. दर ठरला, शिफ्ट 12 तासांची, पैसे 90 दिवसांनी आणि महिन्याला किमान 8 दिवस. राहण्याचा खर्च माझा. कार्यालयाने दोन महिन्यांची बिनपगारी रजा मंजूर केली आहे आणि तेवढ्या काळापुरती शिल्लक माझ्याजवळ आहे. गुरुवारच्या अवंतिका एक्सप्रेसचे मुंबईचे तिकीट काढले. अवंतिकेचे प्रवासी यांना एकच विचारायचे आहे: संवाद सकाळीच हाती येत असतील, तर हालचालींच्या खुणा आपण पाठांतराआधी करता की नंतर?