अल्थिया गिब्सनसाठी दार कुणी उघडलं?

रेषेपाशी : अमेरिकेची कृष्णवर्णीय टेनिसपटू अल्थियाचा विषय निघाला की ॲलिस मार्बलचं पत्र आलंच. जुलै १९५०, 'अमेरिकन लॉन टेनिस' मासिक; एका गोऱ्या माजी विजेतीने अल्थियाला बाहेर ठेवणाऱ्या स्वतःच्याच लोकांना खडे बोल सुनावले आणि ऑगस्टमध्ये अल्थिया न्यूयॉर्कच्या फॉरेस्ट हिल्सला अमेरिकेच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली. पत्र धाडसाचंच होतं. पण सगळं श्रेय त्याला देणं मला अजिबात पटत नाही.

गोऱ्यांच्या क्लबांत शिरकाव नाही म्हणून कृष्णवर्णीयांनी १९१६ मध्ये स्वतःची अमेरिकन टेनिस असोसिएशन काढली. १९४६ ला तिथे अल्थिया अंतिम सामना हरली. प्रेक्षकांत ह्युबर्ट ईटन आणि रॉबर्ट वॉल्टर जॉन्सन हे दोन डॉक्टर होते. हरलेल्या मुलीतली खेळाडू त्यांनी हेरली. शाळेचे महिने ईटनांच्या घरी विल्मिंग्टनला, उन्हाळा जॉन्सनांकडे लिंचबर्गला. दोघांच्याही घरी स्वतःचं टेनिस कोर्ट. हार्लेमच्या रस्त्यावर पॅडल टेनिस खेळणारी, शाळेला दांड्या मारणारी ही पोर तिथे घडली. या माणसांची नावं किती जणांना माहीत आहेत?

मधली_जाळी : घडली, कबूल. पण घडलेल्या खेळाडूला विचारत कोण होतं? राष्ट्रीय स्पर्धेचं आमंत्रण हवं तर आधी पूर्वेकडच्या मोठ्या स्पर्धा गाजवा, म्हणे. आणि त्या स्पर्धांनाही आमंत्रण लागायचं! ही लबाडी मार्बलने छापून चव्हाट्यावर आणली. डॉक्टरांनी कितीही जीव ओतला असता तरी हे कुलूप त्यांच्या हातातलं नव्हतं.

रेषेपाशी : पत्राच्या आधीच, १९४९ पासून, ती गोऱ्यांच्या इनडोअर स्पर्धांत खेळत होती. फट आधीच पडली होती.

संध्या_कोर्ट : दार उघडून तिला मिळालं काय, तेही बोला. त्याच १९५० मध्ये विम्बल्डन विजेत्या लुईस ब्रॉविरुद्ध १-६, ६-३, ७-६ अशी पुढे असताना वादळ आलं, विजेने स्टेडियमवरचा दगडी गरुड खाली पाडला, सामना थांबला. दुसऱ्या दिवशी शेवटचा सेट ७-९ गेला. पुढे १९५७ ला विम्बल्डन, राणीच्या हातून थाळी, न्यूयॉर्कमध्ये मिरवणूक. बक्षिसाची रक्कम मात्र शून्य, कारण तेव्हा टेनिस हौशी, खेळाडूंनी पैसे घ्यायचे नाहीत! पोटासाठी बास्केटबॉलच्या ग्लोबट्रॉटर्स संघाबरोबर गावोगाव प्रदर्शनी सामने खेळली. म्हातारपणी आजारी आणि कफल्लक झाली, तेव्हा दुहेरीतली जुनी जोडीदार अँजेला बक्स्टनने पैसे उभे केले. माझा राग या गोष्टीवर आहे.

रेषेपाशी : तो राग माझाही आहे. तरी जॉन्सनांच्या त्याच कोर्टावर पुढे आर्थर ॲश शिकला, १९७५ चा विम्बल्डन विजेता. पत्र एकदाच छापून आलं. कोर्ट वर्षानुवर्षं चालू राहिलं.

मधली_जाळी : ॲशचंच घ्या. त्याच्या गावची, रिचमंडची इनडोअर कोर्टं काळ्यांना बंद, म्हणून शाळेच्या शेवटच्या वर्षाला त्याला गाव सोडून सेंट लुईसला जावं लागलं. १९६० साली! लिंचबर्गचं कोर्ट तेव्हाही होतंच की.