पीजीचा पसंतीक्रम: आधी ब्रांच की आधी कॉलेज?

अजनीकर:
नीट-पीजीची, म्हणजे एमबीबीएसनंतरच्या एमडी-एमएस प्रवेशपरीक्षेची, रँक हातात आली की नागपूरच्या मेडिकल आणि मेयो या दोन सरकारी कॉलेजांचे इंटर्न कॉलेज-ब्रांचच्या पसंतीची एकच यादी दहा वेळा लिहून खोडतात. बहुतेक याद्या वरून 'नागपूर, नागपूर, नागपूर' अशाच असतात आणि ब्रांच नंतर येते. मला हे चूक वाटतं. कॉलेज तीन वर्षांत सुटतं, ब्रांच सुटत नाही. पुढचं दारही तीच ठरवते: एमडी मेडिसिन केलं तर कार्डिओलॉजी, न्यूरोलॉजीच्या डीएमला (एमडीनंतरच्या सुपरस्पेशालिटीला) बसता येतं, त्वचारोग केलं तर नाही.

भरतानाची एक गल्लत आधी सांगतो. सॉफ्टवेअर रँकप्रमाणे एकेकाची यादी वरून खाली वाचतं आणि पहिली रिकामी सीट देतं. खाली शंभर पर्याय भरले म्हणून वरच्या पर्यायाची संधी कमी होत नाही. 'ही मिळणारच नाही' म्हणून आवडती सीट वगळू नका, आणि जिथे जॉईन व्हायचंच नाही ती भरू नका. मिहानच्या एम्सची सीट या यादीत शोधू नका. ती आयएनआय-सीईटी या एम्ससारख्या संस्थांच्या वेगळ्या परीक्षेतून, वर्षातून दोनदा भरते.

मेडिकल चौक:
भाऊ, यादी भरण्याबद्दल सगळं बरोबर, पण मूळ मुद्दा पटत नाही. एमएस सर्जरी मिळाली आणि तीन वर्षं दुसऱ्याच्या ऑपरेशनात रिट्रॅक्टर (जखम उघडी धरायचं हत्यार) धरण्यात गेली, तर ती ब्रांच कागदावरची. नागपूरच्या मोठ्या सरकारी वॉर्डांत गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया आणि पलीकडून बालाघाट, छिंदवाड्याचा पेशंट येतो. सिकलसेलची क्रायसिस, सर्पदंश, फवारणीची विषबाधा, मे महिन्यात उष्माघात. मेडिसिन आणि बालरोगचा रेसिडेंट, म्हणजे पीजी करणारा डॉक्टर, हे इथे रोज बघतो. दूरच्या एखाद्या नव्या कॉलेजात बेड कागदोपत्री भरलेले असले तरी ही शिकवणी मिळत नाही.

म्हणून ब्रांचप्रमाणे प्रश्न बदला. सर्जरी, ऑर्थोसाठी विचारा: दुसऱ्या वर्षाचा रेसिडेंट स्वतः काय करतो, अपेंडिक्स आणि हर्निया त्याच्या हाती येतात का? भूलशास्त्रात रोज ऑपरेशनची किती टेबलं चालतात? रेडिओलॉजीत एमआरआय हॉस्पिटलचा स्वतःचा आहे की बाहेरच्या एजन्सीचा, आणि रिपोर्ट कोण लिहितं? हे जेआर-३ ला (तिसऱ्या वर्षाच्या ज्युनिअर रेसिडेंटला) विचारू नका, तो सुटायच्या घाईत असतो. जेआर-१ ला विचारा, आणि तेही ड्युटी संपल्यावर.

ओपीडी पेपर:
दोघंही ड्युटीचं गणित सोडून राहिले. युनिटमध्ये तीन जेआर-१ असतील तर रात्र दर तिसऱ्या दिवशी येते, दोनच असतील तर दिवसाआड. त्या दोघांतला एक जण आजारी पडला किंवा सीट सोडून गेला की उरलेल्यावर रोज. केंद्राच्या १९९२ च्या रेसिडेन्सी योजनेत सलग १२ तासांपेक्षा जास्त ड्युटी नको, असं लिहिलं आहे. वॉर्डात ते पाळलं जाताना क्वचितच दिसतं. पेशंट खूप म्हणजे शिकणं खूप, हे खरं तेव्हाच, जेव्हा वाटून घ्यायला माणसं असतात. रक्ताच्या बाटल्या आणायला आणि सीटी फिल्म शोधायला रेसिडेंटच धावत असेल, तर मोठ्या वॉर्डाचा फायदा तिथेच जिरतो. पेशंट मोजाल तसे युनिटमधले जेआर पण मोजा.

सेतू केंद्र:
वाद चालू द्या, पण दरवर्षी सीट जाते ती कागदांमुळे. ऑल इंडिया कोटा ५० टक्के, तो केंद्राची मेडिकल कौन्सेलिंग कमिटी (एमसीसी) भरते. राज्याचा ५० टक्के महाराष्ट्राचा सीईटी सेल भरतो. राज्यात व्हीजे, एनटी (विमुक्त जाती, भटक्या जमाती) हे वेगळे गट आहेत, केंद्राच्या कोट्यात नाहीत. तुमची जात केंद्राच्या ओबीसी यादीत आहे का ते आधी बघा आणि केंद्रीय नमुन्यातला दाखला वेगळा काढा. राज्याचा नॉन-क्रीमीलेअर तिथे लावला की पडताळणीत अडकतं. राज्यासाठी जात वैधता प्रमाणपत्र लागतं, ते आठवड्यात होत नाही. अंतिम वर्षातच अर्ज टाका.

दुसरं म्हणजे एमसीसीची अनामत. खुल्या गटाला २५ हजार, अभिमत विद्यापीठं धरली तर २ लाख. पहिल्या फेरीची सीट न घेतल्यास पैसे जात नाहीत, दुसऱ्या फेरीपासून जातात. आणि अपग्रेडला, म्हणजे पुढच्या फेरीत वरचा पर्याय मागायला, 'हो' म्हणून नवी सीट लागली, की जुनी त्याच क्षणी दुसऱ्याची होते. मागून रडून परत मिळत नाही. 'हो' म्हणण्याआधी वर काय काय भरलंय ते नीट वाचा.

फुटाळा:
हवी ती ब्रांच नाही मिळाली तर वर्षभर थांबावं, एवढं साधं आहे.

अजनीकर:
साधं नाही. परीक्षेची तारीख तुमच्या हातात नसते: २०२५ ची १५ जूनला ठरलेली परीक्षा एकाच शिफ्टमध्ये घ्या असा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आल्यावर ३ ऑगस्टला गेली. पेपरही आता पाच भागांत येतो, प्रत्येकात ४० प्रश्न, ४२ मिनिटं, आणि संपलेल्या भागात परत जाता येत नाही. इंटर्नशिपमध्ये ज्यांची रँक कॅज्युअल्टीच्या रात्रपाळ्यांमुळे घसरली, त्यांना वर्ष फायद्याचं. ज्यांनी पोस्टिंग सांभाळूनही एकोणीस विषय दोनदा वाचले होते, त्यांची रँक फारशी हलत नाही.

मेडिकल चौकच्या मुद्द्यावर मी थोडा सरकतो. हातानं शिकायच्या ब्रांचमध्ये, म्हणजे सर्जरी, ऑर्थो, स्त्रीरोगात, कॉलेज वर घ्या. त्वचारोग, मनोविकार, रेडिओलॉजीत मी अजूनही ब्रांचच वर ठेवीन, नागपूर सोडावं लागलं तरी.

मेडिकल चौक:
मनोविकारात तरी नको. इथे प्रादेशिक मनोरुग्णालय शहरातच आहे. ज्या गावात असं काही नाही तिथे जाण्याआधी विचारा, की तीव्र आजाराचे भरती पेशंट रेसिडेंटला कुठे बघायला मिळतात.